लँडफिलच्या तळाची माती: टाकाऊ वस्तू मिसळून लायनर कसा घडवायचा

पुण्याच्या कचरा डेपोजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी विहिरींचं पाणी नासल्याची तक्रार वर्षानुवर्षं केली. मुंबईत देवनारला तर १९२७ पासून कचरा पडत आला. हे डेपो सुरू झाले तेव्हा तळाशी अस्तर घालायचा विचारच नव्हता. पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपतं, काळं होतं आणि सरळ जमिनीत उतरतं. या काळ्या पाण्याला लीचेट म्हणतात. ते अडवायला नव्या लँडफिलच्या तळाशी मातीचा जो दाबलेला थर घालतात, तो लायनर.

ज्यांना अशा थरासाठी पहिल्यांदाच मिश्रण तयार करायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. एम.टेक.चा प्रोजेक्ट घेतलेली मुलं, नगरपालिकेत नुकतेच रुजू झालेले ज्युनियर इंजिनिअर, साइटच्या लॅबमध्ये प्रॉक्टरचा (माती दाबण्याच्या चाचणीचा) हातोडा पहिल्यांदा हातात घेणारे. सुरुवातीलाच एक आग्रह धरतो. लायनरचं पहिलं काम पाणी अडवणं, बळ त्याच्या मागून येतं. प्रयोगशाळेत मात्र उलटं घडताना दिसतं. दाबशक्तीची चाचणी दहा मिनिटांत होते, झिरपेच्या चाचणीला आठवडे लागतात. म्हणून आधी बळाचे सुंदर आलेख तयार होतात आणि झिरपेचे दोन-चार आकडे शेवटी कसेबसे जोडले जातात. तसं करू नका.

पायरी १: किती अडवायचं, किती पेलायचं ते लिहून काढा

आपल्याकडच्या २००० आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी तळासाठी जोडथर सांगितला: वर १.५ मिलिमीटर जाडीचं एचडीपीई जिओमेम्ब्रेन (पाणी न झिरपू देणारी प्लास्टिकची चादर) आणि त्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमाती किंवा सुधारलेली माती, जिची पारगम्यता (पाणी किती वेगाने झिरपतं त्याचं माप) सेकंदाला ०.०००००१ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. साइटवर याला सगळे ‘दहाचा मायनस सात’ म्हणतात, कारण सेंटिमीटरमध्ये तो आकडा तसा येतो. थराच्या तळापासून भूजलाची सर्वात वरची पातळी किमान २ मीटर खाली हवी, हेही त्याच नियमांत आहे. ‘सुधारलेली माती’ या दोन शब्दांमुळेच राख, वाळू, बेंटोनाइट (पाण्यात खूप फुगणारी चिकणमाती) मिसळायला वाट मिळते.

हा आकडा एकदा स्वतःच्या हातांनी मांडून पाहा, म्हणजे तो डोक्यात बसतो. एक हेक्टर तळ, ९० सेंटिमीटर थर, वर ३० सेंटिमीटर लीचेट साचलेलं, मेम्ब्रेन नाही असं धरा. झिरप काढायच्या डार्सीच्या सूत्राने दिवसाला सुमारे १,१५० लिटर पाणी खाली जाईल. पारगम्यता दहापट बिघडली तर ११,५०० लिटर, म्हणजे रोज एक मोठा टँकर लीचेट जमिनीत. लॅबच्या वहीत मायनस सातच्या जागी मायनस सहा लिहिलं जातं तेव्हा हा फरक पडलेला असतो.

बाकी दोन मर्यादा अभ्यासांमधून रूढ झाल्या आहेत. मोकळी दाबशक्ती (बाजूने आधार न देता दाबल्यावर नमुना पेलतो ते बळ) किमान २०० किलोपास्कल, जुन्या मापात साधारण २ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. आणि वाळल्यावर आकारमान ४ टक्क्यांपेक्षा जास्त आक्रसू नये. २०० चा अंदाज घ्यायचा तर कचऱ्याचं वजन घनमीटरला १० किलोन्यूटन धरा. मग २० मीटर उंच ढिगाचा तळावरचा दाब तेवढाच येतो.

पायरी २: माती आपली कोणती?

दख्खनची काळी माती आणि कोकणातली जांभ्याची माती यांचे प्रश्न एकमेकांच्या उलट आहेत. इथेच बहुतेक नवखे चुकतात, कारण कुठल्या तरी प्रबंधातलं ‘१५ टक्के राख’ ते जसंच्या तसं उचलतात.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारं खनिज भरपूर. नीट दाबली तर ती पाणी छान अडवते, कित्येकदा मर्यादेच्या दहापट खालीही जाते. तिचं दुखणं वेगळं: ओली असताना मऊ पडते, वाळली की भेगाळते. एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्या नांगरट न केलेल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा लायनरमध्येही पडू शकतात. म्हणजे काळ्या मातीकडे पाणी अडवण्याची शिल्लक असते. त्यातली थोडी खर्चून तिच्यासाठी बळ आणि स्थिरता विकत घ्यायची, असा हा व्यवहार आहे. शिल्लक किती आहे हे मोजल्याशिवाय खर्च करायचा नाही.

जांभा किंवा मुरमाड मातीत बळ असतं, पण झिरप जास्त. तिला बारीक, फुगणारं काहीतरी द्यावं लागतं.

पहिल्या आठवड्यात द्रवसीमा (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते), सुघट्यतासीमा (ज्या ओलाव्याखाली ती वळताना तुटते), कणांची प्रतवारी, फ्री स्वेल इंडेक्स (फुगण्याचं माप) आणि आक्रसण्याच्या चाचण्या करून घ्या. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भागांत सगळ्यांची पद्धत दिली आहे. ढोबळ कसोटी अशी: ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून ३० टक्क्यांहून जास्त माती खाली जावी आणि सुघट्यता निर्देशांक (वरच्या दोन सीमांमधला फरक) किमान ७ ते १० असावा. वरच्या टोकाला ३५-४० च्या पुढे गेलात तर साइटवर ढेकळं फोडणं जिवावर येतं.

पायरी ३: काय मिसळायचं

थर्मल स्टेशनची राख सगळ्यांच्या आधी आठवते, आणि ते बरोबरच आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, पारस ही केंद्रं काळ्या मातीच्याच मुलखात आहेत, त्यामुळे वाहतूक परवडते. राख मिसळली की काळी माती कमी फुगते, कमी आक्रसते, हाताला चिकटायची थांबते. पण आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत चुना कमी असतो, त्यामुळे ती एकटी फारशी जमून घट्ट होत नाही. बळ हवं असेल तर १-२ टक्के चुना सोबत लागतो. नेवेलीसारख्या लिग्नाइटच्या राखेत चुना जास्त असतो, ती पाणी लागताच स्वतःहून जमू लागते. दोन्हींना ‘फ्लाय अ‍ॅश’ म्हणतात म्हणून एकीचे आकडे दुसरीला लावू नका.

चुन्याबद्दल जपून. बळ झपाट्याने वाढतं, आलेख बघून माणूस खूश होतो. आत मात्र मातीचे बारीक कण एकत्र येऊन गुठळ्या होतात, त्यांच्यामधली भोकं मोठी होतात आणि झिरप वाढते. शिवाय माती ठिसूळ होते. लायनरखालची जमीन थोडी बसली तर मऊ मातीचा थर वाकतो, चुन्याची माती तडकते. मातीत किंवा पाण्यात सल्फेट असेल तर चुन्याबरोबर एट्रिंगाइट नावाचं खनिज तयार होऊन थर फुगतो, ही आणखी एक धास्ती. मी चुना २ टक्क्यांच्या पुढे न्यायला सहसा तयार होत नाही. रस्त्याच्या कामातला ४-५ टक्क्यांचा हिशोब इथे आणू नये.

कोल्हापूरकरांसाठी एक खास वस्तू आहे: फाउंड्रीची काळी वाळू. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांमध्ये साचे करायला जी ग्रीन सँड वापरतात तिच्यात मुळातच बेंटोनाइट असतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या अभ्यासांनी दाखवलं की बेंटोनाइट ६ टक्क्यांच्या वर असलेली अशी वाळू ओली करून दाबली तर मायनस सातची मर्यादा गाठू शकते. ती आक्रसतेही कमी, कारण सांगाडा वाळूचा. मुरमाड मातीला हा चांगला जोडीदार आहे. मात्र कोअरसाठी (साच्याच्या आतल्या गाभ्यासाठी) वापरलेली रेझिनची वाळू त्यात मिसळलेली चालत नाही, फिनॉल हे विषारी रसायन उतरण्याचा धोका असतो. फाउंड्रीच्या आवारात दोन्ही ढीग शेजारी पडलेले असतात, म्हणून नमुना स्वतः उभं राहून घ्या.

साखर कारखान्याची बगॅसची राख आणि भंडारा-गोंदियाकडची भाताच्या तुसाची राख यांत सिलिका चांगली असते, पण न जळलेला कार्बन बराच राहतो आणि तुसाची राख पाणी खूप पिते. चाळून आणि जाळल्यावर वजनात होणारी घट तपासूनच घ्या. पाडकामाच्या मलब्याची भुकटी बारीक चाळली तरच उपयोगाची.

तंतूंची गोष्ट निराळी. ते मातीशी रासायनिक काही करत नाहीत, भेग पडू लागली की तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. पुन्हा वापरात आणलेल्या प्लास्टिकचे १२ मिलिमीटरच्या आसपासचे तुकडे, कोरड्या वजनाच्या ०.२५ ते ०.५ टक्के, एवढ्यात काळ्या मातीच्या भेगा डोळ्यांना दिसतील इतक्या बारीक होतात. एक टक्क्याच्या पुढे तंतूंचे पुंजके होतात आणि प्रत्येक पुंजका म्हणजे पाण्याला तयार वाट. माझ्या पहिल्या मालिकेत मी तंतू कोरड्या मातीत टाकून ढवळले आणि सगळे एका बाजूला गोळा झाले. माती आधी निम्म्या पाण्याने ओलसर करून मग चिमटीचिमटीने तंतू सोडले तेव्हा कुठे ते पसरले. कॅरीबॅगच्या गुळगुळीत पट्ट्या मातीत घसरतात, त्यांच्याकडून बळाची अपेक्षा नको. टायरच्या चुऱ्याने माती लवचीक होते पण झिरप बहुधा वाढते, म्हणून तळाच्या थरात मी तो टाळतो.

आणि बेंटोनाइट. टाकाऊ नाही, स्वस्तही नाही, पण कोकणातल्या मातीला ५ ते १० टक्के दिल्याशिवाय अनेकदा भागत नाही. सोडियमचं घ्या. २ ग्रॅम पूड पाण्यात फुगून २४ मिलिलिटर तरी व्हायला हवी.

कुठलीही टाकाऊ वस्तू ठरवण्याआधी तिच्यातून काय उतरतं ते तपासा. राखेत आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन असू शकतं. विहीर वाचवायला घातलेल्या थरानेच विहीर नासवली तर सगळा खटाटोप उलटला.

पायरी ४: टक्के कशाचे?

एवढ्याशा गोष्टीवर टेंडरमध्ये भांडणं होतात. एक हेक्टरवर ९० सेंटिमीटर म्हणजे ९,००० घनमीटर दाबलेला थर. कोरडी घनता घनमीटरला १.५ टन धरली तर १३,५०० टन कोरडं मिश्रण. ‘१० टक्के राख’ मिश्रणाच्या वजनावर असेल तर १,३५० टन लागेल, कोरड्या मातीच्या वजनावर असेल तर सुमारे १,२२७ टन. सव्वाशे टनांचा फरक. वहीच्या पहिल्या पानावर आधार कोणता ते लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

पहिल्या फेरीला ०, ५, १०, १५ टक्के राख एवढं पुरे. तंतू आणि चुना एकाच वेळी बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

पायरी ५: प्रॉक्टर, पण एका हातोड्याने नाही

ही पायरी सावकाश वाचा, लायनर इथेच ठरतो.

रस्त्याच्या कामात आपण प्रॉक्टरच्या घनता-ओलावा आलेखाच्या शिखरावर थांबतो: एमडीडी (कमाल कोरडी घनता), ओएमसी (ती ज्या ओलाव्याला मिळते तो), एमडीडीच्या ९५ टक्के, झालं. लायनरला हे पुरत नाही. ओएमसीच्या कोरड्या बाजूला मातीची ढेकळं टणक राहतात, हातोडा त्यांना फोडू शकत नाही आणि ढेकळांमधल्या फटींतून पाणी धावतं. ओल्या बाजूला तीच ढेकळं मऊ होऊन एकमेकांत मिसळतात. त्यामुळे घनता तीच असूनही दोन्ही बाजूंच्या पारगम्यतेत शंभरपट, कधी हजारपट फरक पडतो. घनतेचा आकडा पास आणि लायनर नापास, असं याच कारणाने होतं. ओलावा मात्र वाढवत नेला की बळ उतरतं आणि आक्रसणं वाढतं. या ओढाताणीतून जी चिंचोळी जागा उरते ती शोधायची.

डेव्हिड डॅनियल आणि क्रेग बेन्सन या अमेरिकी अभियंत्यांनी १९९० मध्ये यासाठी मांडलेली पद्धत आजही सर्वात भरवशाची आहे. प्रत्येक मिश्रण तीन जोरांनी दाबायचं. जड प्रॉक्टर: ४.९ किलोचा हातोडा, ४५० मिलिमीटर उंची, पाच थर, थराला २५ ठोके. हलका प्रॉक्टर: २.६ किलो, ३१० मिलिमीटर, तीन थर, २५ ठोके. आणि तिसरा कमी जोराचा: हलकाच, पण १५ ठोके. साइटवर रोलर कधी जास्त फिरतो, कधी कमी. हे तीन जोर त्या वास्तवाची दोन टोकं आणि मधला भाग धरतात. प्रत्येक जोराला पाच ओलावे घ्या, म्हणजे १५ नमुने. घनता-ओलाव्याच्या आलेखावर जे बिंदू मायनस सातमध्ये बसले ते भरीव काढा, उरलेले पोकळ. भरीव बिंदूंभोवती रेघ ओढा. त्याच कागदावर २०० किलोपास्कल पार करणारा भाग आणि ४ टक्क्यांच्या आत आक्रसणारा भाग काढा. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तो तुमचा पट्टा.

साध्या काळ्या मातीत हा पट्टा कधी इतका बारीक येतो की साइटवर तो पकडणं अशक्य. मिश्रणाने आपण खरं तर हा पट्टा रुंद करत असतो. १० टक्के राखेने कमाल बळ किती वाढलं यापेक्षा ओलाव्याची सूट दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर गेली का, हे मी आधी बघतो. टँकरवाल्याच्या हातून पाणी थोडं इकडेतिकडे होणारच, ते त्या रुंदीत सामावलं पाहिजे.

राख घातल्यावर घनता उतरली म्हणून घाबरू नका. राखेचं विशिष्ट गुरुत्व साधारण २ ते २.३, मातीचं २.७ च्या जवळ. वस्तूच हलकी आहे.

माती ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढली, पाणी घातलं आणि लगेच दाबली, असं काळ्या मातीला चालत नाही. पिशवीत बांधून २४ तास मुरू द्या. चुना असेल तर साइटवर मिसळल्यापासून रोलर फिरेपर्यंत जेवढा वेळ जाणार असेल तेवढाच लॅबमध्येही जाऊ द्या.

पायरी ६: झिरप मोजताना धीर धरा

१० सेंटिमीटर व्यासाचा आणि १,००० घनसेंटिमीटरचा साचा, ०.५ चौरस सेंटिमीटर छेदाची काचनळी. नळीतलं पाणी साच्यातल्या मातीतून झिरपतं तसं किती उतरलं ते मोजायचं. पारगम्यता बरोबर मायनस सात असेल तर नळीतलं पाणी १०० वरून ९० सेंटिमीटरवर यायला जवळजवळ २४ तास लागतात. त्या वेळात नळीच्या तोंडातून वाफ होऊनही पाणी उतरतं, उन्हाळ्यात तर नक्कीच. पाण्यावर तेलाचे दोन थेंब सोडा आणि शेजारी तळ बंद असलेली तशीच नळी भरून ठेवा. तिच्यात जेवढं उतरेल तेवढं वजा करा.

दुसरा धोका साच्याच्या भिंतीचा. आक्रसणाऱ्या मातीत कड सुटते आणि पाणी कडेने निसटतं. आकडा संशयास्पद वाटला तर पाण्यात रंग टाकून नमुना फोडून बघा. जमत असेल तिथे रबरी आवरणाचा लवचीक भिंतीचा सेल वापरा. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी जवळपास सारखं होऊन लागोपाठ चार वाचनं स्थिर झाल्याशिवाय चाचणी थांबवू नका.

साध्या पाण्यावर पास झालेलं मिश्रण लीचेटवर नापास होऊ शकतं. लीचेटमधलं कॅल्शियम बेंटोनाइटमधल्या सोडियमला हुसकावतं आणि फुगवटा बसतो. म्हणून निवडलेल्या मिश्रणातून जवळच्या डेपोचं खरं लीचेट जाऊ द्या. नमुन्यातल्या पोकळीच्या दुप्पट तरी द्रव पार व्हायला हवा. पूर्ण उंचीच्या नमुन्यातून १०० सेंटिमीटर दाबाने एकदाच पोकळी भरायला ८५ दिवस लागतात. नमुना ३ सेंटिमीटर उंचीचा केला तर पाचच दिवस, कारण वेळ उंचीच्या वर्गाने वाढतो. प्रोजेक्टचं वेळापत्रक आखताना हे आधी बघा.

पायरी ७: बळ आणि आक्रसणं

३८ मिलिमीटर व्यास, ७६ मिलिमीटर उंची. असे नमुने प्लास्टिकमध्ये गुंडाळून ७ आणि २८ दिवस ठेवा. २०० किलोपास्कल म्हणजे या नमुन्यावर साधारण २३ किलोचा भार. किती भाराला तुटला याबरोबरच किती दबून तुटला तेही लिहा, ठिसूळपणा तिथे कळतो. आक्रसण्यासाठी दाबलेला नमुना सावलीत वाळवून मोजा. ४ टक्के आकारमान म्हणजे १०० मिलिमीटरच्या व्यासात जेमतेम १.३ मिलिमीटर, त्यामुळे पट्टीने भागणार नाही, व्हर्नियर लागेल.

माती भक्कम झाली म्हणून उतार भक्कम होत नाही. मार्च १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स लँडफिलमध्ये कचऱ्याचा प्रचंड ढीग लायनरवरून घसरला, आडवा सुमारे ११ मीटर. घसरण झाली ती थरांच्या सांध्यांवर, मेम्ब्रेन आणि ओल्या चिकणमातीसारख्या गुळगुळीत जोडांवर. तुमचं मिश्रण आणि साइटवर येणारं मेम्ब्रेन एकमेकांवर ठेवून शिअर बॉक्समध्ये (घसरायला किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पेटीत) सरकवून बघितल्याशिवाय उताराचा कोन नक्की करू नका.

पायरी ८: साइटवर

आधी एक चाचणी-पट्टा घाला, रोलरच्या रुंदीच्या चौपट तरी. माणसं, यंत्रं, पाणी, सगळं खऱ्या कामातलं. तिथली पारगम्यता जागेवर मोजा. लॅबमध्ये मिसळलेली एक किलो माती आणि रोटाव्हेटरने मिसळलेला एक एकर यांत फरक असतोच.

दाबून १५ सेंटिमीटर होईल असा थर, एकूण सहा थर. अशा थरात चौरस मीटरला सुमारे २२५ किलो कोरडं मिश्रण बसतं, १० टक्क्यांनी साडेबावीस किलो राख. म्हणजे ५० किलोची पिशवी सव्वादोन चौरस मीटरला. फक्कीने चौकटी आखून प्रत्येकीत पिशव्या मांडल्या की मुकादमाला वेगळं समजवावं लागत नाही. राख वाऱ्याने उडते, ती आधी ओलसर करून आणा आणि माणसांना मास्क द्या.

पॅडफूट रोलरचे (ड्रमवर उंचवटे असलेल्या रोलरचे) पाय सैल थराच्या जाडीपेक्षा लांब हवेत, म्हणजे नवा थर जुन्यात रुततो. पुढचा थर घालण्याआधी खालचा खरवडा, नाहीतर दोन थरांच्या मधून पाणी आडवं पळतं. संध्याकाळी गुळगुळीत रोलर फिरवून पृष्ठभाग बंद करा, सकाळी पुन्हा खरवडून ओलावा तपासा. काळी माती मे महिन्यात एका दुपारीत भेगाळते. भेग दिसली तर वरून पाणी शिंपडून ती बुजवू नका. तेवढा थर उकरून, ओलावून पुन्हा दाबा. शेवटच्या थरावरचे खडे हाताने वेचा आणि मेम्ब्रेन लगेच अंथरा. ते उन्हात उघडं राहिलं तर त्याच्याखालीही माती वाळते, म्हणून त्यावरचा निचऱ्याचा थर लांबवू नका.

घनता बघायला कोअर कटरने (मातीचा नमुना कापून काढणाऱ्या नळीने) जिथे जिथे भोक पाडाल ते बेंटोनाइटच्या लगद्याने ठासून भरा आणि त्याचा नंबर नकाशावर टाका. मजूर सहसा तिथे शेजारची सैल माती लोटून पुढे जातो. मेम्ब्रेन अंथरण्याआधी नकाशा हातात घेऊन प्रत्येक नंबरावर स्वतः जा आणि बोटाने दाबून बघा.